फिटचा दाखला

आमच्या पोरीला लाँड्रीत सगळे चिमटाबाई म्हणतात. तिला ते चालतं, मला चालत नाही, पण मला विचारतो कोण. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे तिच्या एप्रनच्या डाव्या बाजूला ओळीने लावलेले असतात, रोज सकाळी सात, कधी आठ. एक चिमटा म्हणजे एक काम. हॉटेलच्या चादरी मोजून घ्यायच्या, हा एक. डागाचे टॉवेल वेगळे काढायचे, हा दुसरा. काम झालं की चिमटा डावीकडून उजवीकडे जातो आणि डावी बाजू रिकामी झाली की बाई घरी यायला मोकळ्या. नव्या आलेल्या मुली पहिल्या दिवशी तोंडावर हात ठेवून हसतात. आठवड्याभरात त्यांच्यातलीच एखादी येऊन हळूच विचारते, "चिमटाबाई, माझं काही राहिलं का हो?"

ही माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. वय एकतीस. सव्वा महिन्याची असल्यापासून माझ्याकडे आहे. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले आणि निवृत्त झाले. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हे माझं तिथलं ब्रीद. काही नसेल तर 'नाही' लिहा, 'लागू नाही' लिहा, आडवी रेघ मारा, पण मोकळं सोडू नका, नाहीतर पुढचा कोणीतरी त्यात त्याच्या मनाचं भरतो. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसांना मी हे इतक्या वेळा ऐकवलं की काहीजण मला बघून रांग बदलायचे. आणि आयुष्यात एकदा मीच एका रकान्यात माझ्या मनाचं भरलं. त्याचा ताप भोगला पोरीने.

आधी पोरगी कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिला तीन गोष्टी एकदम सांगितल्या की पहिली लक्षात राहते, तिसरी राहते, मधली गायब होते. "येताना साबण आण, दुकानदाराला किल्ली दे आणि दूध आण," असं सांगितलं तर साबण येतो, दूध येतं आणि किल्लीही तिच्यासोबत परत येते. पाच मिनिटं आणि पाऊण तास यांतला फरक तिला घड्याळ दाखवल्याशिवाय कळत नाही. ताट पडलं तर ती किंचाळते, अजून, या वयात. रागावते तेव्हा घर डोक्यावर घेते आणि दहा मिनिटांनी "मावशी, चहा टाकू?" म्हणून विचारते, जसं काही झालंच नाही. तोवर माझं डोकं मात्र ठणकत असतं. बेकरी, चपलांचं दुकान, दवाखान्यात फोन घेण्याचं काम, खेळण्यांचं गोदाम अशा चार नोकऱ्या तिने एकामागून एक घालवल्या. बेकरीतून तर तिसऱ्याच दिवशी हातात नारळ मिळाला, कारण भट्टीत ट्रे सरकवून बाई मांजराला पाणी द्यायला गेल्या होत्या.

पण एकच काम द्या आणि तिला तिच्या तालात करू द्या, मग बघा. लाँड्रीत घडीच्या टेबलावर ती नऊ वर्षं आहे. चादर झटकायची, कोपऱ्याला कोपरा, हाताने सपाट, पुन्हा कोपऱ्याला कोपरा. दिवसाला चारशे चादरी, आणि शेवटची घडी पहिलीइतकीच काटेकोर. मला दहाव्या चादरीला जांभई आली असती. चिमट्यांची युक्तीही तिची स्वतःचीच, कोणी शिकवलेली नाही.

आणखी एक गोष्ट होती. पोरीला लहानपणी फिट यायच्या, हे घरात, शाळेत, नोकरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ती पोहायला शिकली नाही. सायकल चालवली नाही. शिडीवर चढली नाही. बाथरूमला आतून कडी लावली नाही, एकतीस वर्षांची बाई नुसतं दार लोटून अंघोळ करायची आणि मोठ्याने गाणं म्हणायची, म्हणजे बाहेर कळावं. पाकिटात तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'मला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, मावशीला फोन करा.' समजायला लागल्यापासून एकही फिट आलेली तिला आठवत नव्हती, पण तिची भीती त्याने कमी झाली नव्हती. "लहानपणी गेल्या म्हणजे कायमच्या गेल्या असं नसतं ना मावशी," असं म्हणायची. मी म्हणायचे, "नसतं हो, पण तू कशाला विचार करतेस," आणि विषय बदलायचे.

गेल्या वर्षी लाँड्रीत घड्या घालणारं यंत्र आलं. टेबलावर सहाजणी होत्या. त्यांच्यातल्या तिघींना रोलरवर घेणार आणि तिघींना घरी पाठवणार, असं ठरलं. रोलर म्हणजे खोलीएवढी गरम इस्त्री. दोघींनी ओल्या चादरीचे कोपरे धरून एका बाजूने आत सोडायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी आणि सपाट बाहेर येते. हात चुकला तर भाजलाच. म्हणून तिथे उभं राहायला डॉक्टरचा दाखला लागतो. सुपरवायझरची पहिली पसंती चिमटाबाईंनाच होती, कारण चादर सरळ सोडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. अडचण फक्त फॉर्मची होती.

आपल्या बोलण्यात फिट हा भलताच खट्याळ शब्द आहे. माणूस फिट असतो, आणि माणसाला फिट येते. त्या फॉर्मवर दोन्ही छापलेले होते. 'फिट येण्याचा त्रास: होय / नाही.' त्याच्या खाली, 'कामासाठी फिट: होय / नाही.' सुपरवायझर माणूस बरा आहे, पण त्याच्या जिभेला हाड नाही. "चिमटाबाई, वरच्या फिटला होय आलं की खालच्या फिटला नाही येतं," असं म्हणून तो स्वतःच हसला. पोरगीही हसली. मग घरी येऊन तिने पिशवी खुर्चीवर टाकली आणि मला म्हणाली, "मावशी, माझ्या फिटचे कागद काढ. डॉक्टर म्हणतात, किती वर्षांची असताना यायच्या, शेवटची कधी आली, औषध कोणतं होतं, सगळं लागेल. खूप जुनं असेल तर ते पास करतील म्हणे. तू लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे."

कागद कुठून काढणार? तिला आयुष्यात एकही फिट आलेली नव्हती.

खरं काय ते सांगते. पोरगी पोटात होती तेव्हा धाकटी गर्द ओढायची. धाकटी म्हणजे माझी बहीण, तेव्हा तेवीस वर्षांची. ज्या माणसाबरोबर राहत होती त्याने नाद लावला आणि बाळाची चाहूल लागल्यावर तो कुठे गेला ते त्यालाच माहीत. "ताई, मी सोडली," असं तिने मला शपथेवर सांगितलं होतं आणि मी भोळसटासारखी विश्वास ठेवला. बाळ जन्मलं, आणि दुसऱ्या दिवशी थरथरायला लागलं. हनुवटी, हात, पाय, सगळं. रडायचं ते असं चिरकं की वॉर्डातल्या बाकीच्या बाया कानावर उशी ठेवायच्या. दूध ओढता येईना, झोप येईना, शिंकांवर शिंका. तिथल्या डॉक्टरने मला बाजूला घेतलं. आईच्या रक्तातून बाळालाही तेच मिळत होतं, नाळ कापल्यावर ते एकदम बंद झालं, आता नशा सुटताना मोठ्या माणसाला होतो तोच त्रास या एवढ्याशा जिवाला होतोय, असं त्याने सांगितलं. महिनाभर थेंबाथेंबाने औषध दिलं, मग एकेक थेंब कमी करत बंद केलं. थरथर गेली. धाकटी त्याआधीच हॉस्पिटलातून निघून गेली होती. बाळ मी घरी आणलं.

पुढे पाच वर्षांची झाली तेव्हा शाळेचा अर्ज आला. त्याआधी बालवाडीच्या बाईंनी दोन महिन्यांत हात टेकले होते. पोरगी जागेवर बसायची नाही, घंटा वाजली की ओरडायची, सांगितलेलं विसरायची. नव्या शाळेच्या अर्जात रकाना होता: 'जन्मापासूनचा आजार, असल्यास.' चांगलं 'असल्यास' छापलेलं होतं! आडवी रेघ मारली असती तरी भागलं असतं. पण माझं डोकं चालू लागलं. खरं लिहावं, तर आईचं नाव शाळाभर होणार. 'काही नाही' लिहावं, तर पोरगी वांड ठरणार, आणि वांड पोरांची पाठ कशी शेकतात ते मला माहीत होतं. मग ती थरथर आठवली, आणि मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'फिट येतात.' त्याचा उपयोगही झाला, हे कबूल करायला हवं. बाईंनी तिला कधी हात लावला नाही. खिडकीजवळ बसवलं, पाणी प्यायला उठू दिलं, घंटा वाजायच्या आधी नजरेने खूण करायला शिकल्या. मी स्वतःवर खूश होते.

पण कागद म्हणजे कागद. शाळेच्या दाखल्यावर ते चढलं, दाखल्यावरून दुसऱ्या शाळेत गेलं, तिथून नोकरीच्या अर्जावर. पोरगी लिहायला शिकली आणि स्वतःच्या हाताने ते लिहू लागली. आणि मी तोंडात गुळणी धरून बसले. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू. धाकटी पोरीच्या सातव्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुटली. ती तिसरी खेप होती, आधीच्या दोन फुकट गेल्या होत्या. तेव्हापासून चोवीस वर्षं तिने कशालाही हात लावलेला नाही. पोरीला आईच्या नादाबद्दल ठाऊक होतं, ते लपण्यासारखं नव्हतंच. पण तो कधीपासून होता हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगून मिळालेली आई कशाला घालवायची, असं आम्हा दोघी बहिणींचं न बोलता ठरलं होतं.

पोरीने कागद मागितले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धाकटी कामाला असते त्या रोपवाटिकेत गेले. ती मातीच्या पिशव्या भरत होती. दात लवकर गेल्यामुळे ती ओठ जेमतेम उघडून बोलते, हसते तर मिटूनच, आणि बोलते थोडंच. मी सगळं सांगितलं. फिट खोटी आहे असं म्हणावं, तर खरं काय ते सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं नाही, तर पोरीची नोकरी जाणार. तिने आणखी तीन पिशव्या भरल्या, मग हात झटकले.

"दर मंगळवारी येते ग ती माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "सुट्टी असते तिची. जेवून जाते. ती यायची बंद होईल, ताई."

"मग मी काहीतरी जुळवते. लिहिते की पाचव्या वर्षी शेवटची आली, औषध आठवत नाही..."

"पुन्हा?" तिने माझं वाक्य तिथेच तोडलं. "तू काही लिहू नकोस. आणि बोलूही नकोस. तू फार नीटनेटकं करून सांगशील. मी येते डॉक्टरकडे."

डॉक्टरची खोली म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा आणि भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. खुर्च्या दोन आणि आम्ही तिघी. पोरगी वजनकाट्यावर टेकून उभी राहिली, काटा पुढे-मागे होत होता. डॉक्टर चाळिशीची बाई, सर्दीने बेजार, नाक पुसत पुसत लिहीत होती. "फिटचे कागद आणले?" तिने विचारलं. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून हॉस्पिटलचं जुनं कार्ड काढलं. एकतीस वर्षं जपलं होतं, कागद फाडणं माझ्या स्वभावात नाही. पण मी तोंड उघडायच्या आधी धाकटी म्हणाली, "तिला फिट कधी आल्याच नाहीत. ती पोटात होती तेव्हा मी गर्द ओढत होते. जन्मल्यावर त्यामुळे थरथरत होती. फिट हे ताईने शाळेसाठी लिहिलं. माझी लाज झाकायला."

एवढंच. तीस वर्षं आम्ही जे पोटात दाबून ठेवलं होतं त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. वजनकाटा हलायचा थांबला.

डॉक्टरने कार्ड घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजूही वाचली. "इथे स्पष्ट लिहिलंय," ती म्हणाली. "थरथर, चिडचिड, दूध ओढायला त्रास. काही बाळांना अशा वेळी झटके येतात, पण इथे झटके नाहीत असं लिहिलंय. महिन्यात बरी होऊन घरी. नंतर कधी बेशुद्ध पडलात? जीभ चावली गेली? कधीच नाही?"

"कधीच नाही," पोरगी म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता. "म्हणजे मला फिट येणार नाही?"

"कोणालाच शंभर टक्के सांगता येत नाही. पण मला येण्याची जेवढी शक्यता, साधारण तेवढीच तुम्हाला. तरी दाखल्यासाठी मेंदूची एक साधी तपासणी करून घेऊ. डोक्याला तारा लावतात, दुखत नाही."

पोरीने पिशवीचा पट्टा चाचपला. मग म्हणाली, "मला तीन गोष्टी सांगितल्या की मधली जाते. ते त्या गर्दमुळे?"

ही डॉक्टर मला त्या क्षणापासून आवडली, कारण तिने थाप मारली नाही. तिने पेन खाली ठेवलं. "असू शकतं," ती म्हणाली. "पोटात असताना अशी नशा मिळालेल्या मुलांना मोठेपणी लक्ष टिकवायला, लक्षात ठेवायला, कामं ओळीने लावायला त्रास होतो असं दिसतं. सगळ्यांना होत नाही, सारखा होत नाही. पण आई तेव्हा काय खात होती, सिगारेट ओढत होती का, पुढे घर कसं मिळालं, याचाही वाटा असतो. तुमच्यात कशाचा किती ते मी वेगळं काढून दाखवू शकत नाही. कोणीच नाही. एक मात्र सांगते. हा आळस नाही आणि हा वाढत जाणारा आजारही नाही. आणि तुम्ही त्यावर काही उपाय शोधलेला दिसतो." तिने पोरीच्या पिशवीच्या पट्ट्याला लावलेल्या तीन चिमट्यांकडे बोट केलं. पोरीने खाली पाहिलं आणि एक चिमटा उजवीकडे सरकवला.

बाहेर पायऱ्यांवर मात्र माझी हजेरी घेतली गेली. "मी पोहायला गेले नाही," पोरगी ओरडली. "शाळेची सगळी मुलं तलावावर गेली आणि मी काठावर चपला राखत बसले! माझी चिठ्ठी बघून चपलांच्या दुकानात मला वरच्या फळीला हात लावू देत नव्हते! आणि तू म्हणायचीस, नसतं हो, पण विचार करू नकोस!" येणारेजाणारे थांबून पाहू लागले. ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. धाकटी पायरीवर बसून राहिली. तिला पोरगी एक शब्दही बोलली नाही, आणि मला वाटतं धाकटीला तेच जास्त लागलं.

पुढचे अकरा दिवस घरात तो विषय निघाला नाही. पोरगी कामाला जायची, यायची, जेवायची. मात्र त्या रात्रीपासूनच बाथरूमची कडी आतून लागू लागली, आणि ती गाणं म्हणेनाशी झाली. खरं सांगते, त्या कडीचा आवाज ऐकून मला रडू आलं, थोडं लाजेने आणि जास्त हलकं वाटून. तपासणी झाली. मधला मंगळवार ती आईकडे गेली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. धाकटीने मला फोन करून फक्त विचारलं, "ती बरी आहे ना?" मी हो म्हटलं.

बाराव्या दिवशी दाखला आला. वरच्या फिटला 'नाही', खालच्या फिटला 'होय'. सुपरवायझरने तो सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे, आणि चिमटाबाईंनी त्याला बजावलं की आता हा विनोद पुरे. पुढच्या आठवड्यापासून रोलरवर. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा मंगळवारसाठी टांगणीला होता, आणि मंगळवार दुसऱ्याच दिवशी होता.

मंगळवारी सकाळी पोरगी म्हणाली, "मावशी, तूही चल." आम्ही दोघी धाकटीच्या खोलीवर गेलो. एक पलंग, एक शेगडी, खिडकीत ओळीने डब्यांत लावलेली रोपं. धाकटीने दार उघडलं आणि बाजूला झाली. तिला काय करावं ते सुचेना, म्हणून तिने भांडं उगीच दुसऱ्यांदा धुतलं. पोरगी पलंगावर बसली. तिच्या शर्टाला एकच चिमटा होता.

"आई, मला एक तारीख हवी," ती म्हणाली. "तू सुरू कधी केलंस?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. हा रकाना तिचा होता.

"तू पोटात होतीस तेव्हा ओढत होते, सांगितलं ना मी..."

"ते कळलं. सुरू कधी केलंस? मी पोटात आल्यावर की आधी?"

"आधी."

"किती आधी?"

"दोन वर्षं. थोडं जास्तच. मी त्या बाटल्यांच्या कारखान्यात होते तेव्हा."

"नक्की? कारखान्यात होतीस तेव्हा? मी नव्हतेच तेव्हा?"

"तुझा पत्ताच नव्हता ग. का?"

पोरीने मोठा श्वास सोडला. मग तिने सगळं सांगितलं. ती सहा वर्षांची असताना आमची घरमालकीण मला नळावर विचारत होती, तुमची बहीण अशी कशी हो वाया गेली. आणि मी, रिकामा रकाना न सोडणारी मी, तिला म्हणाले होते, "काय करणार? पोरीला जन्मल्यापासून फिट. बघून बघून खचली बिचारी, मग लागली नादाला." मला हे बोलल्याचं आठवतही नाही. लोकांची तोंडं बंद करायला त्या काळात काय काय बोलले त्याची गणती नाही. पण पोरगी बादलीमागे बसून ऐकत होती. पहिली गोष्ट लक्षात राहणारी, तिसरी राहणारी आणि मधली विसरणारी ही पोरगी तेवढं वाक्य पंचवीस वर्षं विसरली नव्हती. तिने मनाशी धरलं होतं, माझ्या फिटमुळे आई बिघडली. म्हणून ती दर मंगळवारी न चुकता जायची. म्हणून आईसमोर कधी आवाज चढवायची नाही, आणि डॉक्टरकडून निघाल्यावर सगळी आग माझ्यावर पाखडली तरी आईला एक शब्द बोलली नव्हती. फिट खोट्या निघाल्या, पण आपण पोटात आलो म्हणूनच आईने सुरू केलं असेल, ही भीती उरलीच होती. अकरा दिवस ती एवढीच जुळवाजुळव करत होती की आधी कोण होतं, ती की गर्द. थेट विचारायचा धीर होत नव्हता, कारण उत्तर उलटं आलं असतं तर?

धाकटी भांडं हातात घेऊन तशीच उभी होती. "तुला असं वाटत होतं?" ती म्हणाली. "एवढी वर्षं?" मग ती पोरीसमोर जमिनीवरच बसली. "हे बघ, तुझ्यामुळे सुटली असंही मी म्हणणार नाही. तू होतीस तरी दोनदा सुटली नव्हती. पण लागली ती तुझ्यामुळे नाही. तुझ्या अंगावर जे आलं ते माझ्यामुळे आलं. माझ्यावर तुझ्यामुळे काहीच आलं नाही."

मला वाटलं, आता पोरगी रडणार, किंवा ओरडणार, आणि तिला दोन्हीचा हक्क होता. मी खिडकीतल्या डब्यांकडे बघत राहिले, कारण माझेच डोळे वाहत होते. पण पोरीचा चेहरा असा खुलला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता, शाळेतही नाही, रोलर मिळाल्यावरही नाही. तिने आईच्या दोन्ही खांद्यांना धरलं.

"म्हणजे मी यायच्या आधीच तू बिघडलेली होतीस!" ती म्हणाली, जणू आईचं अभिनंदनच करत होती.

धाकटी हसली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ओठ न मिटता हसली.

"हो ग," ती म्हणाली. "पार बिघडलेली होते. तू यायच्या चांगली दोन वर्षं आधीपासून."